डबा बांधून, की ढकलून?

सास्तूरला बर्फ दोन वाटांनी येतो. लग्नसराईत उमरग्याच्या बाजूनं टेम्पोतून लाद्या येतात, गोणपाटात गुंडाळलेल्या, भुसा लागलेल्या. आणि फेब्रुवारी-मार्चात कधीतरी वरून गारा येतात. पहिला बर्फ मठ्ठ्यात जातो, दुसरा हरभऱ्यावर आणि द्राक्षांवर पडतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्यावर जी गारपीट झाली, तेव्हापासून आमच्याकडं बर्फ म्हटलं की माणूस आधी आभाळाकडं बघतो आणि मग पीकविम्याची पावती कुठं ठेवलीय ते आठवतो. अशा गावात बसून मी सध्या एका प्रश्नाचा कीस पाडतोय: माणूस जन्मात पहिल्यांदा बर्फावर घसरायला निघाला, तर त्यानं पायाला स्की बांधाव्यात की स्नोबोर्ड?

प्रश्न माझा नाही, भाच्याचा आहे. तो पुण्यात संगणकाच्या कंपनीत असतो आणि त्याच्या ऑफिसातली मंडळी जानेवारीत गुलमर्गला निघालीत. बर्फाबद्दलचा प्रश्न त्यानं सास्तूरच्या मामाला का विचारावा, असं कुणालाही वाटेल. पण मामाचं कृषी सेवा केंद्र आहे, आणि ‘हे घेऊ का ते घेऊ’ या एकाच प्रश्नावर मामाचं घर चालतं. जूनमध्ये दिवसभर लोक येऊन विचारतात, सोयाबीनचं जेएस ३३५ घेऊ का फुले संगम? काउंटरमागं बसून मला एवढं कळलंय की विचारणाऱ्यानं निम्म्या वेळा घरूनच ठरवून आणलेलं असतं. पुढं पीक बसलं तर शिव्या द्यायला त्याला एक माणूस हवा असतो. म्हणून मी उत्तर देण्याआधी विचारतो, पाणी किती आहे? भाच्यालाही मी उलटच विचारलं, “दिवस किती आहेत?”

“मामा, जाऊन-येऊन सहा. बर्फावर तीन.”

“विचार करून सांगतो,” म्हणालो, आणि फोन ठेवला.

जानेवारीत दुकानाला गर्दी नसते. हरभऱ्याची फवारणी उरकलेली असते, ज्वारी हुरड्यात असते, आणि दुकानासमोरच्या बाकड्यावर मंडळी मफलर गुंडाळून ऊन खात बसलेली असतात. प्रश्न बाकड्यावर टाकला. तिथं बसलेल्यांपैकी एकानंही स्की पाहिलेली नव्हती, फक्त एक निवृत्त फौजी सोडून, त्यामुळं चर्चा मोकळेपणानं झाली. सिनेमात हिरॉईनच्या मागं हिरो ज्याच्यावरून येतो ते स्की, असं एकानं सांगितलं. मी मोबाइलवर दोन्हींची चित्रं दाखवली. एकात दोन पट्ट्या, प्रत्येक पायाला एक, हातात दोन काठ्या, तोंड समोर. दुसऱ्यात एकच फळी, दोन्ही पाय तिच्यावर आडवे जखडलेले, हात रिकामे, आणि माणूस खांदा पुढं करून तिरका चाललेला.

“आन् हे पैसे देऊन करत्यात?” शेजारच्या काकूंनी विचारलं. हरभऱ्याची भाजी खुडून आणली होती, ती द्यायला त्या आल्या होत्या. मी हो म्हणालो. “पायाखालची जिमीन सरकावी म्हणून?”

काकू विनोद करत नव्हत्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची पहाट त्यांनी या गावात काढलेली आहे. किल्लारीचं नाव जगभर गेलं, पण सास्तूरच्या मातीखालूनही तेवढीच माणसं ओढून काढावी लागली होती असं वाटावं, इतकी घरं इथं रिकामी झाली. त्यानंतर जे सास्तूर उभं राहिलं ते आखीव आहे, सरळ रस्त्यांचं आणि सपाट. ज्या माणसाला आपल्या पायाखाली काहीही हलू नये एवढंच आयुष्याकडून हवं आहे, त्याच्यापुढं स्कीचं कौतुक करणं अवघडच. मी विषय बदलून भाजीचे पैसे विचारले. त्या “राहू द्या” म्हणाल्या, आणि जाताना भाच्यासाठी निरोप दिला, “लेकराला म्हणावं, जाड पायमोजे घे.”

फौजींचं मत वेगळं होतं. उमेदीत ते काश्मीरमध्ये होते. गुलमर्गला सैन्याची पर्वतयुद्धाची शाळा आहे. १९४८ साली जनरल थिमय्यांनी ती सुरू केली तेव्हा ती स्की शिकवणारी शाळाच होती. फौजी त्या शाळेत गेले नव्हते, पण स्कीवर चालायला त्यांना शिकवलेलं होतं. “आम्हाला कुणी विचारलं नाही, हे पाहिजे का ते,” ते म्हणाले. “दिलं ते बांधलं. आन् आधी वर चढायचं, मग खाली यायचं. तुमच्या भाच्याला लिफ्ट हाय, म्हणून प्रश्न पडत्यात.” फौजींचं म्हणणं मला पटलं. वर चढण्याचे कष्ट ज्याला नाहीत, त्यालाच खाली कसं यायचं याची चैन सुचते. गुलमर्गला तर केबलची गाडी आहे, गोंडोला. दुसऱ्या टप्प्यात ती माणसाला अफरवट डोंगराच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जवळपास नेऊन सोडते. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी ती त्याच्या खालीच राहील. अर्थात नवशिक्याला तिथं सोडत नाहीत. त्याची जागा खाली, गोल्फच्या मैदानाशेजारच्या सौम्य उतारावर.

आता मूळ मुद्दा. मी बरंच वाचलं, चित्रफिती पाहिल्या, गुलमर्गला जाऊन आलेल्या एका कीटकनाशक कंपनीच्या पोराला चहा पाजून विचारलं. सगळ्यांचं एकाच वाक्यावर एकमत आहे: स्की शिकायला सोपी, मुरायला अवघड, स्नोबोर्ड शिकायला अवघड, नंतर सोपा. हे ऐकलं आणि मला माकणीच्या वाटेवरची आमची विहीर आठवली.

त्या विहिरीत पोहायला शिकायचे दोन मार्ग होते. काहींच्या पाठीला वाळका भोपळा किंवा तेलाचा रिकामा डबा बांधत. डबेवाला पोरगा पहिल्याच दिवशी पाण्यावर तरंगे, हातपाय मारी, घरी येऊन “मला पोहता येतं” म्हणून सांगे. पण तो डबा सुटायला पुढचा उन्हाळा उजाडे, आणि डबा सुटल्यावर त्याचं खरं पोहणं किती कच्चं आहे ते कळे. उरलेल्यांना कुणीतरी थोरला चुलतभाऊ मागून ढकलून देई. ती पोरं दोन दिवस नाकातोंडात पाणी घेत, रडत, पायऱ्या धरून थरथरत बसत. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक बेडकासारखी सुळकन निघत. मग त्यांना कुणी अडवू शकत नसे.

स्की म्हणजे डबा बांधून. पाय दोन, पट्ट्या दोन, तोल गेला तर एक पाय बाजूला टाकता येतो, शिवाय हातात काठ्या. शिकवणारे पहिल्या तासात एकच गोष्ट शिकवतात: पायांची टोकं जवळ आणा, टाचा लांब करा, की वेग मरतो. इंग्रजी मुलखात या आकाराला पिझ्झा म्हणतात, आणि पट्ट्या समांतर केल्या की फ्रेंच फ्राइज. बर्फात जाऊनही शिकवणी खायच्याच वस्तूंवर चालते. हा पिझ्झा जमला की दुपारपर्यंत माणूस छोट्या उतारावरून न पडता खाली येतो आणि त्याचा फोटोही निघतो. पण पिझ्झ्याकडून समांतर पट्ट्यांकडं जायचं, म्हणजे तो डबा सोडायचा, त्यात कित्येकांचे हिवाळे जातात. काहींचा डबा सुटतच नाही. ते आयुष्यभर पिझ्झ्यातच खाली येतात आणि मजेत असतात. मला त्यांच्याबद्दल आदर आहे.

स्नोबोर्ड म्हणजे मागून ढकलणं, आणि हे मी शब्दशः म्हणतोय. फळीवर डावा पाय पुढं ठेवायचा की उजवा, हे ठरवायची त्यांची एक चाचणी आहे: तुम्हाला बेसावध उभं करून कुणीतरी पाठीत हलका धक्का देतं आणि तोल सावरायला कुठला पाय पुढं पडतो ते बघतं. माझ्या चुलतभावानंही चाचणी तीच घेतली होती. पण कुठला पाय पुढं पडला, हे बघायला तो थांबला नाही.

फळीवर दोन्ही पाय जखडलेले, त्यामुळं तोल गेला तर सावरायला पाय नाही. मागं गेलात तर बैठकीवर, पुढं गेलात तर हातावर. म्हणून नवशिक्यांची मनगटं स्नोबोर्डवर दुखावतात. स्कीवर दुखावतो तो गुडघा. स्कीचं बाइंडिंग, म्हणजे बूट आणि पट्टी यांच्यातली पकड, जोराचा पीळ पडला की सुटतं, म्हणूनच स्कीवाल्याच्या पट्ट्या बर्फावर एकीकडं आणि तो दुसरीकडं असं दृश्य दिसतं. स्नोबोर्डचं बाइंडिंग सुटत नाही. पडाल तिथं फळीसकट पडायचं. बुटांचा हिशेब मात्र उलटा: स्कीचे बूट टणक प्लास्टिकचे, नडगी आवळणारे, ते घालून चहाच्या टपरीपर्यंत चालणं हाच एक खेळ, स्नोबोर्डचे बूट मऊ, घालून बाजारहाट करावा असे. कीटकनाशकवाला पोरगा म्हणाला, “सर, दिवसभर स्की बरी, पण संध्याकाळी हॉटेलवर परत येताना स्नोबोर्डच बरा.”

दोन्हींच्या वयात फरक आहे, तो स्वभावातही दिसतो. स्की पुराणी. स्वीडन-नॉर्वेकडं दलदलीत हजारो वर्षांपूर्वीच्या लाकडी स्की सापडल्यात. बर्फात शिकारीला, शेजारगावी, लग्नाला जायचं ते साधन होतं. त्याचा खेळ नॉर्वेतल्या तेलेमार्क भागातल्या सोंद्रे नोरहाइम नावाच्या माणसानं एकोणिसाव्या शतकात केला. टाचेला धरून ठेवणारी बांधणी वापरून त्यानं उड्या आणि वळणं शक्य केली. स्नोबोर्ड मात्र अगदी अलीकडचा, आणि त्याची जन्मकथा कुठल्याही घरात घडावी अशी. १९६५ चा नाताळ, अमेरिकेत मिशिगनमधलं मस्कीगन गाव. शेर्मन पॉपेन या इंजिनिअरच्या घरात पोरींचा दंगा चाललेला, बायको गरोदर, तिला जरा शांतता हवी. पॉपेननं दोन स्की शेजारी शेजारी जोडल्या आणि पोरींना त्याच्यावर उभं करून टेकडीवरून सोडून दिलं. बायकोनं त्या फळीचं नाव ठेवलं स्नर्फर. म्हणजे स्नोबोर्ड हा दोन स्की एकमेकींना बांधूनच निघालेला आहे, आणि मूळ हेतू बापानं पोरींना घराबाहेर काढणं एवढाच होता. पुढं सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जेक बर्टन कार्पेंटर यांनी व्हर्माँटमध्ये फळ्या बनवायला घेतल्या आणि धंदा उभा केला. मला पॉपेन जास्त आवडतात.

नवं आलं की जुन्यांनी वाटा बंद करायच्या, हे तिथंही झालं. सुरुवातीला स्कीवाल्यांच्या डोंगरांवर स्नोबोर्डवाल्यांना येऊच देत नसत. उतार खरवडतात, वाटेत बसून राहतात, कपडे ढगळ घालतात, अशा तक्रारी. १९८३ मध्ये व्हर्माँटच्या स्ट्रॅटन डोंगरानं त्यांना आत घेतलं, मग हळूहळू बाकीच्यांनी. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकात स्नोबोर्डला पाटावर जागा मिळाली. तरीही अमेरिकेत अल्टा, डिअर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन ही तीन ठिकाणं हट्टानं फक्त स्कीचीच राहिली आहेत. हे वाचून मला एक दिलासा मिळाला: इतका पैसा आणि इतकी थंड हवा असूनही माणसं कोण कुठल्या फळीवरून घसरतं यावरून भांडतात, तर बांधावरून भांडणारे आपण फार वेगळे नाही.

गुलमर्गला तसलं भांडण फारसं नाही, कारण तिथं मुख्य चिंता बर्फ पडतो की नाही हीच आहे. जानेवारी २०२४ मध्ये अर्धा महिना उलटला तरी गुलमर्ग कोरडंच होतं. पर्यटकांनी बुकिंग रद्द केली, उतारांवर नुसतं पिवळं गवत. पुढच्या वर्षी खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत बर्फ कमी म्हणून पुढं ढकलल्या आणि मार्चात झाल्या. मी हे बाकड्यावर सांगितलं तेव्हा मंडळी एकदम मवाळ झाली. तोवर त्यांच्या लेखी हा श्रीमंतांचा चाळा होता. पण आभाळाकडं डोळे लावून बसलेला माणूस कुठल्याही प्रांतातला असो, त्याच्याबद्दल इथं लगेच आपुलकी वाटते. एकानं तर विचारलं, “मग त्या स्की भाड्यानं देणाऱ्या गड्याला नुकसानभरपाई मिळती का?” मला उत्तर देता आलं नाही. गुलमर्गच्याच परिसरातला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकात भारतातून गेलेला एकमेव खेळाडू होता. वडिलांचं गुलमर्गमध्ये स्कीच्या सामानाचं दुकान. मोठ्या वळणांच्या शर्यतीत तो ४५वा आला. दुकानदाराचा पोरगा म्हणून मला त्याचा विशेष अभिमान वाटतो. फक्त माझ्या पोरानं युरिया विकण्यापलीकडं कुठल्या ऑलिंपिकात जावं हे अजून ठरलेलं नाही.

एक गोष्ट मी भाच्याला मुद्दाम सांगितली नाही, कारण ती ऐकून त्यानं दोन्ही भाड्यानं घेतलं असतं. चेक देशाची एस्टर लेदेत्स्का. तिला निवडायचंच नव्हतं. ती स्नोबोर्डची जगज्जेती, आणि स्कीही करायची. फेब्रुवारी २०१८ मध्ये प्योंगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकात ती स्कीच्या सुपर-जी शर्यतीत उतरली, तीही अमेरिकेच्या मिकेला शिफ्रिनच्या जुन्या स्कीवर. वरचे क्रमांक ठरले असं समजून सगळे सुटकेचा श्वास टाकत होते, आणि ही खाली आली. वेळेचा फलक पाहून ती गोठून उभी राहिली. काहीतरी चूक झाली असणार, असा चेहरा. चूक नव्हती. ऑस्ट्रियाच्या आना फाइटपेक्षा एक शतांश सेकंदानं पुढं. पत्रकार परिषदेत तिनं गॉगल काढला नाही. जिंकणार असं वाटलंच नव्हतं, म्हणून मेकअप केला नव्हता, असं कारण तिनं दिलं. आठवड्यानं तिनं स्नोबोर्डचंही सुवर्ण घेतलं. ‘हे का ते’ विचारणाऱ्या प्रत्येकाच्या मनात अशी एक लेदेत्स्का दडलेली असते, आणि दुकानदार म्हणून तिला जागी न करणं माझं कर्तव्य आहे.

खरं तर महाराष्ट्रातून जाणाऱ्या बहुतेकांसमोर दोन नाही, तीन पर्याय असतात. तिसरा म्हणजे लाकडी घसरगाडी, स्लेज. आपली सहलीला गेलेली मंडळी भाड्याचा ओव्हरकोट आणि गमबूट घालून तिच्यावर बसतात, तिथला एक माणूस दोरी खांद्यावर घेऊन ओढत वर नेतो आणि उतारावर पुढं बसून खाली आणतो. आमच्या गावातून काश्मीर करून आलेल्या ज्या दोन-चार जणांना मी विचारलं, त्यांनी सगळ्यांनी ‘स्की केली’ म्हणून सांगितलं, आणि फोटो पाहिले तर सगळे स्लेजवर. मी त्यांना दुरुस्त केलं नाही. हौस त्याहून स्वस्तात भागवायची तर हैदराबादला स्नो वर्ल्ड आहे. उमरग्याहून हमरस्ता सरळ तिकडं जातो, आणि २००४ पासून तिथं पाळीपाळीनं जॅकेट घालून माणसं कृत्रिम बर्फात सोडतात. तिथं स्की-स्नोबोर्डचा वाद उद्भवत नाही, कारण घसरायचं ते बुडावरच.

तर भाच्याला मी काय सांगितलं? स्की घे, म्हणालो. कारण स्वभाव नाही, धाडस नाही, वय तर नाहीच, कारण दिवस. तीन दिवसांत स्की माणसाला थोडा आनंद देते आणि खोटा आत्मविश्वास देते, आणि सहलीला दोन्ही लागतात. स्नोबोर्ड तीन दिवसांत देतो निळीकाळी बैठक आणि सुजलेली मनगटं. तो उमलायला लागतो तेव्हा श्रीनगरचं विमान लागलेलं असतं. सपाटीवर स्कीवाला काठ्या मारत पुढं जातो, स्नोबोर्डवाला एक पाय सोडवून ढकलत बसतो. वर ओढून नेणाऱ्या लिफ्टवर स्कीवाला उभा राहतो, स्नोबोर्डवाला बहुधा आडवा होतो. हेच पोरगं एखाद्या हिवाळ्यात तीन महिने कॅनडात नोकरीला असतं, तर मी डोळे झाकून म्हटलं असतं, फळी घे, पड, आणि फेब्रुवारीत मला फोन कर. इथून तीन दिवसांसाठी जाणाऱ्यानं डबा बांधून उतरावं. आणि हो, वर्ग लावावा. मित्र शिकवतो म्हणाला तर त्या मित्राला आधी स्वतः खाली येऊन दाखवायला सांगावं.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मामा, मी स्नोबोर्ड बुक केलाय. सगळ्यांनीच केलाय.”

म्हटलं ना, निम्मे घरूनच ठरवून येतात. मी फक्त मनगटाचे पट्टे आणि भिजणार नाही अशी पँट घ्यायला सांगितलं, आणि फोन ताईनं घेतला. तिनं स्की आणि स्नोबोर्ड दोन्ही शब्द कानाआड केले होते. तिला एवढंच विचारायचं होतं, की तिथं सकाळी आंघोळीला गरम पाणी मिळतं का, आणि नसेल तर पोराबरोबर पाणी तापवायची कॉइल द्यावी, की विमानात ती काढून घेतात.